पायऱ्या किती, ते विचारा

मिस्त्री सव्वीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करत होते. इमारतींच्या माथ्यावर यंत्राच्या खोलीत वाकून काम करायचं, तिथेच वर्तमानपत्र अंथरून डबा खायचा, संध्याकाळी काळे हात घासत घरी यायचं. बोलणं मोजकं, पण एकदा एखादी गोष्ट डोक्यात शिरली की ती बाहेर काढणं कठीण. त्यांची बायको बालवाडीत शिकवायची. तिला सगळी वस्ती ‘बाई’ म्हणे, आणि चेष्टेच्या लहरीत असले की मिस्त्रीही.

मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला होती. तिने फोनवर फर्मान काढलं, “या उन्हाळ्यात तुम्ही दोघांनी समुद्रावर जायचं. मी दोनच ठिकाणं देते, नाहीतर तुमचं ठरेपर्यंत हिवाळा येईल. क्रोएशियातलं तटबंदीचं जुनं गाव, नाहीतर पोर्तुगालचा दक्षिण किनारा. रविवारपर्यंत सांगा.”

मिस्त्रींनी फोटो पाहिले आणि क्रोएशियावर बोट ठेवलं. दगडी भिंती थेट समुद्रातून वर आलेल्या, त्यांवरून गावाभोवती फिरता येत होतं; आतल्या गल्ल्या पायऱ्यापायऱ्यांच्या. असं काम कोणी आणि कसं केलं असेल, हे त्यांना जवळून बघायचं होतं.

बाई म्हणाल्या, “पोर्तुगाल.”

“का?”

“समुद्र म्हणजे वाळू हवी. तिकडे क्रोएशियात नुसते गोटे. गोट्यांवर काय लोळायचं?”

“आणि पोर्तुगालचं पाणी गार असतं, ते? पाय बुडवशील आणि पळत बाहेर येशील.”

“येईन. पाय माझे आहेत ना?”

रविवार उलटला. मुलीने आणखी एक आठवडा दिला. बाईंचा धाकटा भाऊ मध्ये पडला. दोन्हीकडे जाऊन आल्यासारखा तो बोलायचा, पण गेला कुठेच नव्हता. बहिणीसमोर त्याने “ताई, डोळे मिटून पोर्तुगाल,” असा निकाल दिला आणि जिना उतरताना मेहुण्याच्या कानाशी लागला, “भावोजी, क्रोएशियाला तोड नाही हं.” त्याचा काही उपयोग नाही हे दोघांनाही ठाऊक होतं.

मिस्त्रींना खटकत होतं ते वेगळंच. बाईंना हट्ट करता येत नसे. त्यांना एखादी गोष्ट हवी असली की त्या दहा कारणं देत, हसत, गळ घालत. यावेळी त्यांनी वाळूचं एकच कारण धरलं होतं आणि ते सांगताना त्या फोटोकडे बघतही नव्हत्या.

त्याच आठवड्यात त्यांच्या स्वतःच्या इमारतीची लिफ्ट दोर बदलायला दोन दिवस बंद ठेवली. ते काम दुसऱ्या कंपनीकडे होतं. मिस्त्री दुपारी एक हत्यार विसरलं म्हणून घरी आले आणि जिना चढायला लागले. वरून कोणीतरी उतरत होतं. एक पाऊल, मग दुसरं त्याच पायरीवर; थांबणं; पुन्हा एक पाऊल. चौथ्या मजल्यावरच्या आजी असाव्यात असं समजून ते आधार द्यायला भराभर वर गेले. वळणावर बाई होत्या. कठडा दोन्ही हातांनी धरून, आडव्या होऊन, खेकड्यासारख्या उतरत होत्या.

दोघंही जागच्या जागी थांबले.

“पाय मुरगळला?” त्यांनी विचारलं.

“हो,” बाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, “नाही. गुडघा.”

संध्याकाळी मिस्त्रींनी मुलीला फोन लावला. “पोर्तुगाल ठरलं.”

बाईंनी त्यांच्या हातातून फोन घेतला, “थांब गं, बाबा घाईत आहेत,” म्हणून बंद केला आणि खुर्ची ओढून समोर बसल्या.

“सकाळपर्यंत तुमचं क्रोएशिया होतं.”

“तुझा गुडघा...”

“माझ्या गुडघ्याच्या नावावर सुट्टी ठरवायची नाही. आठ महिने मी कोणाला कळू दिलं नाही, ते याच्यासाठीच. डॉक्टर म्हणाले झीज आहे, व्यायाम करा, जिने टाळा. घरात लिफ्ट आहे, टाळले. शाळेत सांगितलं असतं तर मुलांमधून उचलून मला कार्यालयात बसवलं असतं. आणि तुम्हाला सांगितलं असतं तर पाण्याचा पेलासुद्धा उचलू दिला नसता.”

मिस्त्रींना राग आला. तो बायकोचा होता की स्वतःचा, ते त्यांना नीट कळेना. दिवसभर परक्यांच्या लिफ्टचा बारीकसा आवाज ओळखणारा माणूस, आठ महिने शेजारी झोपून याला काही कळलं नाही. ते उठून गॅलरीत गेले, थोड्या वेळाने परत आले.

“गुडघा चांगला असता, तर कुठे गेली असतीस? खरं सांग.”

बाई बराच वेळ टेबलावरचा डाग नखाने खरवडत राहिल्या. “क्रोएशिया,” त्या म्हणाल्या. “मला वाळू आवडत नाही. सगळीकडे शिरते.”

मिस्त्रींना हसू फुटलं, मग बाईंनाही.

दुसऱ्या दिवसापासून मिस्त्रींनी क्रोएशियाचं प्रकरण आपल्या पद्धतीने हातात घेतलं. मुलीला तिथल्या लोकांना एकेक फोन करायला लावायचे आणि एकच प्रश्न. “पायऱ्या किती, ते विचार. रस्त्यापासून दारापर्यंत, दारापासून पलंगापर्यंत.” तटबंदीच्या आतला एक घरमालक “थोड्याच” म्हणाला. मिस्त्रींनी त्याला मोजायला लावलं, बहात्तर निघाल्या. तीन जागा अशाच गेल्या. शेवटी भिंतीबाहेर, बस थांब्यासमोर, एका विधवा घरमालकिणीची तिसऱ्या मजल्यावरची खोली मिळाली. लिफ्ट होती. मिस्त्रींनी तिची शेवटची तपासणी कधी झाली तेही विचारायला लावलं. “बाबा, त्या हसतायत,” मुलगी म्हणाली. “हसू दे. तारीख सांगितली का?” सांगितली होती.

जूनमध्ये ते गेले. बाईंनी अट घातली होती, भिंतीवर मिस्त्रींनी एकट्याने जायचं आणि सारखं खाली वाकून बघायचं नाही. ते गेले, दोन तास फिरले, दगडांचे सांधे हाताने चाचपून आले. बाई तोवर चौकात सावलीला थंड कॉफी घेऊन बसल्या होत्या आणि शेजारच्या टेबलावरच्या दोन अनोळखी मुलांना कागदाची होडी करायला शिकवत होत्या.

गोट्यांवरून पाण्यात जाणं बाईंना जमेना. पण जवळच काँक्रीटचा ओटा होता, त्याला लोखंडी शिडी लावलेली. चारच पायऱ्या. मिस्त्री आधी उतरले आणि खाली कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले. हात पुढे केला नाही, तसं बजावलेलं होतं. बाई आपल्या आपण उतरल्या, पाण्यावर आडव्या झाल्या.

“दुखतंय?”

“पाण्यात नाही दुखत,” त्या म्हणाल्या. पुढचे सहा दिवस त्या जेवणापुरत्याच बाहेर आल्या.

परतल्यावर बाईंनी शाळेत मुख्याध्यापिकांना खरं सांगितलं. कार्यालयात कोणी बसवलं नाही. वर्गात मुलांच्या बुटक्या खुर्च्यांमध्ये एक मोठ्या माणसांची खुर्ची आली. मुलांनी ती कोणाची म्हणून विचारलं, तर बाई म्हणाल्या, “गुडघ्याची.” आता आठवड्यातून तीनदा त्या नगरपालिकेच्या तलावात पोहायला जातात. मिस्त्री काठावर बसून वर्तमानपत्र वाचतात. त्यांना पोहता येत नाही.