शेवटच्या सालची गाडी
खंडेनवमीला झेंडू आणि पेट्रोल यांचा एकत्र वास आला की मला कुरुळीचे ते वयस्क गृहस्थ आठवतात. अशाच एका खंडेनवमीला आरटीओ कचेरीबाहेर माझ्या अर्ज लिहिण्याच्या टेबलाशी बसून ते म्हणाले, “पोराची गाडी माज्या नावावर करायचा अर्ज लिवा.” कंपनीला गेलेल्या जमिनीच्या पैशातून मुलाने जपानी टर्बो गाडी घेतली होती आणि त्याच पावसाळ्यात तो तापाने गेला होता. “आपणांस चालवता येते का?” मी विचारले. “न्हाई.” “मग विकून टाकावी, असा माझा अनुभवी सल्ला आहे.” सल्ल्याकडे लक्ष न देता ते मुलाने पाठ करून घेतलेले सांगू लागले: पहिल्या सालच्या गाडीला मागे छोटा पंख होता, पुढे तो वाढला, टर्बोची उष्णता बाहेर पडावी म्हणून बॉनेटला नाकपुड्या आल्या आणि दिवे मात्र दर खेपेस बारीक होत गेले. “डोळं बगून साल वळखायला शिकवायचा. चुकलो की म्हनायचा, ‘आबा, तुमी बैलंच वळखा!’ आमची शेवटच्या सालची. म्होरं ती बनवलीच न्हाई, राव.” अर्जात मी ‘एकमेव वारस’ असे शब्द योजून वाचून दाखवले. “बाप पोराचा वारस असतो व्हय?” त्यांनी हळूच विचारले. कायद्याने असतो, असे मी उत्तर दिले. परवा वाकडच्या सिग्नलला टर्बोची शीळ घालत तशीच एक गाडी थांबली. दिव्यांवरून ती शेवटच्या सालची असल्याचे मी ओळखले. कोणी तरुण चालवत होता. त्याच्या शेजारी ते गृहस्थ बसले आहेत का, हे मी वाकून पाहिले. ती जागा रिकामी होती.