पोपटाचं पथ्य

गेल्या हिवाळ्यात एका मंगळवारी सकाळी, अंबरनाथ पूर्वेच्या भाजी मार्केटमध्ये, एका वृद्ध गृहस्थांनी घरच्या राखाडी पोपटासाठी दोन गाजरं आणि मूठभर फरसबी घेतली. मी शेजारी उभा होतो. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही.

ते दर मंगळवारी यायचे. फरसबीची एखादी शेंग मोडून बघायचे. कट्कन मोडली तरच तिच्यासारख्या बाकीच्या घ्यायचे. खिशात जनावरांच्या डॉक्टरांची चिठ्ठी असायची. त्या दिवशी ती त्यांनी वाचून दाखवली: सूर्यफुलाच्या बिया कमी, मोड आलेले मूग, रोज पालेभाजी, चहा-बिस्किट बंद.

"काय काका, पोपटाकडे पाहुणे आलेत काय?" भाजीवाल्या मावशी म्हणाल्या.

"यकृत सुजलंय त्याचं," ते म्हणाले. "आमच्या हिने त्याला वर्षानुवर्षं चहात बुडवलेलं बिस्किट भरवलं. बिस्किट दिसलं की तिच्याच आवाजात म्हणायचा, 'अहो, चहा थंड होतोय.' ती गेली, तरी म्हणायचा. बिस्किट बंद केलं तेव्हापासून गप्प आहे."

"मग द्या की एखादं. कोण बघायला येतंय?"

त्यांनी आणखी एक शेंग मोडली. "रोज मनात येतं. पण जाताना तिने त्यालाच माझ्या हवाली केलंय."

पुढच्या मंगळवारी मावशींनी विचारलं, "बोलला का?"

"नाही. पण डॉक्टर म्हणाले, सूज उतरतेय," असं म्हणून ते गाजरं निवडू लागले.