दाजींनी परत मागितलेलं टिपाड

दाजी गेले त्या दिवशी बंद होता. विद्यापीठाच्या नावावरून वातावरण तापलेलं, एसट्या डेपोतच उभ्या. परभणीत आमच्या शेजारच्या दुकानातल्या फोनवर मानवतहून निरोप आला की गिरणीत कामावर असतानाच दाजींना हार्टअॅटॅक आला आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. मी पिशवी भरून स्टँडवर गेले, तिथून स्टेशनवर, तिथून रडत परत घरी. दुसऱ्या दिवशी एका जीपवाल्याच्या हातापाया पडून मानवत गाठलं, तेव्हा माणसं राख सावडून घरी परतत होती... जो माणूस माझ्या प्रत्येक परीक्षेला, प्रत्येक बाळंतपणाला सगळ्यांच्या आधी येऊन बसायचा, त्याचं तोंडही मला शेवटचं बघायला मिळालं नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही. तो कुणावर काढायचा, तेही कळत नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. नाव उत्तमराव, पण आमच्या गावानं आणि पुढं सगळ्या गिरणीनं त्यांना दाजीच करून टाकलं. मानवत-पाथरी रस्त्यावरच्या एका सूतगिरणीत त्यांच्याकडे हवेचा प्लांट होता. कोरड्या हवेत सूत तुटतं, म्हणून सूत कातायच्या खात्यात सोडायची हवा आधी पाण्याच्या फवाऱ्यातून ओली करून घ्यायची. तेच पाणी हौदात फिरून फिरून शेवाळतं, बुळबुळीत होतं, घाण वास मारायला लागतं. मग त्यात शेवाळ मारायचं औषध टाकायचं. "मी पान्याचा डॉक्टर हाय, मास्तरीणबाई," असं ते मला ऐटीत सांगायचे. मी तेव्हा मास्तरीण व्हायची होते, नुसती डीएडला होते. पण त्यांनी मला त्याआधीच नेमून टाकलेलं. "कसले डॉक्टर? तुमचा पेशंट तर बाराही महिने आजारी!" असं मी म्हटलं की ते खो खो हसायचे आणि अक्काला म्हणायचे, "तुमची भन लय आगाव हाय."

औषध मोठ्या निळ्या प्लास्टिकच्या टिपाडातून यायचं. रिकामी टिपाडं गिरणीच्या आवारात पडून राहायची आणि ती ज्याला त्याला द्यायचं काम दाजींकडं आपसूकच आलेलं. आमच्याकडं फेब्रुवारी सरला की विहिरी तळाला जातात, त्यामुळं टिपाड म्हणजे घरात आलेली लक्ष्मीच. दाजींनी कुणालाच नाही म्हटलं नाही. अक्काच्या लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी आमच्या आईसाठी बैलगाडीवर टिपाड आणलं, दारातच राखेनं घासून घासून धुतलं आणि ओट्याच्या कोपऱ्यात मांडून दिलं. आईनं त्याला हळदकुंकू वाहिलं. पुढं कितीतरी दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सांगायची, "आमच्या जावयानं दिलंय. असं टिपाड पाटलाच्या घरी बी न्हाई." वडील लवकर गेलेल्या आमच्या घरात दाजी असे मुलासारखे शिरले. आई स्वतः न जेवता त्यांच्यासाठी साय काढून ठेवायची, आणि आम्हा बहिणींना त्याचा हेवा वाटायचा.

मग गिरणीनं औषध बदललं. ट्रकभर टिपाडांऐवजी जीपमधून चार-दोन लहान कॅन यायला लागले. बादलीनं ओतायचं ते आता मापानं थोडंसं टाकायचं. जागा वाचली, वाहतूक वाचली, मॅनेजर खूश. हातमोजे घाला, चष्मा लावा, असं समजावून सांगायला कंपनीचा माणूस आला होता. दाजींनी त्याला विचारलं, हे नवं औषध कोणतं? तो हसून म्हणाला, "औषध तेच आहे हो. इतके दिवस आम्ही तुम्हाला त्यात पाणी घालून देत होतो. आता पाणी तुमचं तुम्ही घाला." झाकण फिरवताना त्यातला एक थेंब दाजींच्या मनगटावर उडाला. लगेच धुतला, तरी तिथं फोड आला, चिघळला, आणि रुपयाएवढा पांढरट डाग कायमचा राहिला.

त्या दिवशी दाजी जेवले नाहीत, असं अक्का सांगते. हाताकडं बघत बसले. रिकाम्या कॅनला ते दुसऱ्या दिवसापासून तापलेली सळई खुपसून भोक पाडायला लागले. छान झाकणाचे, आटोपशीर कॅन; तेलाला, दुधाला, रानात पाणी न्यायला लोकांना हवेच होते. भोकं बघून लोक चिडले. पण दाजींचं खरं दुखणं कॅनचं नव्हतंच. "तेच हाय म्हनला तो," ते अक्काला सारखं म्हणायचे, "तेच, नुसतं पातळ. आन् मी घरोघर वाटत गेलो. आत काय हाय, ते कुनाला इचारलंच न्हाई."

ते सुट्टीच्या दिवशी सायकल काढून टिपाडं परत मागत फिरू लागले. बदल्यात स्वतःच्या पदरचे रांजण, माठ द्यायचे. काहींनी दिली. बाकीच्यांनी चेष्टा सुरू केली. "टिपाड झाका रे, दाजी आले!" असं पोरं ओरडायची. इतकी वर्षं धुऊन धुऊन वापरलेल्या टिपाडात आता काही उरलं असेल, असं मला तेव्हाही वाटत नव्हतं. मी तसं त्यांना म्हटलंसुद्धा. ते म्हणाले, "आता नसंल, मास्तरीणबाई. पर पैल्या दिवशी व्हतं का न्हाई, ते सांगा." मग हळूच म्हणाले, "पैल्या दिवशी त्यातलं पानी पयले तुमच्या मायनं पिलंवतं. माझ्यासमोर."

आणि नेमकी आईच टिपाड देईना. जावयानं मानानं दिलेली वस्तू परत करायची, हे तिच्या डोक्यातच बसत नव्हतं. "एवढे दिवस पेलो, मेलो का आमी?" एवढंच ती म्हणायची.

माझं लग्न भर मे महिन्यात होतं. थोरला जावई म्हणून पाण्याची जबाबदारी दाजींवर. त्यांनी माठांची रांग लावली होती, पण वऱ्हाड अंदाजापेक्षा मोठं आलं आणि माठ बघता बघता रिकामे झाले. आईनं काय करावं? टँकरचं पाणी टिपाडात भरून घेतलं, वर ओलं फडकं टाकलं आणि टिपाड मांडवाच्या दाराशी आणून ठेवलं. मी मुंडावळ्या बांधून खिडकीशी बसलेले, म्हणून मला सगळं दिसलं. माझे चुलतसासरे गडवा बुडवायला वाकले, आणि दाजी कुठून तरी धावत आले आणि त्यांनी दोन्ही हातांनी टिपाड आडवं केलं. सगळं पाणी मांडवाखालून वाहत गेलं. त्या उन्हाळ्यात, वऱ्हाड्यांच्या तोंडासमोर... "इथं पावन्याला पानी दावून सांडायची रीत हाय वाटतं," चुलतसासरे म्हणाले. आई बाहेर आली. तिचा आवाज चढला नाही, हे मला जास्त भयंकर वाटलं. "माज्या दारातलं पानी सांडलं तुमी. आता माज्यासंगं बोलू नका."

दाजी जीप घेऊन शेजारच्या वस्तीवरच्या विहिरीवर गेले, घागरी भरून आणल्या आणि शेवटची पंगत उठेपर्यंत वाकून वाकून पाणी वाढत राहिले. माझी सासरची माणसं पुढं ते विसरली, नवरा तर अजून हसून सांगतो. आई विसरली नाही. तिनं टिपाड उभं केलं, ओट्यावर परत त्याच कोपऱ्यात ठेवलं आणि हट्टानं त्यातलंच पाणी प्यायला लागली.

त्यानंतर दाजी सणावाराला यायचे ते ओट्याच्या कडेला टेकायचे, दाराच्या आत नाही. बरोबर फिरकीच्या झाकणाच्या तांब्यात घरून आणलेलं स्वतःचं पाणी. आईला तो तांब्या टिपाड सांडल्याहून जास्त लागायचा. जावई सासुरवाडीला घरून पाणी घेऊन येतो, याहून मोठा अपमान कोणता? "अक्के, त्येंला म्हनावं, च्या निवायलाय," ती भिंतीकडं बघून म्हणायची. "मायला म्हनावं, माझं झालंय," दाजी रस्त्याकडं बघून म्हणायचे. अक्का दोघांच्या मध्ये बसून निरोप्याचं काम करायची आणि आम्ही हसायचो. पण मला दिसायचं, बोलताना दाजींची नजर सारखी त्या टिपाडाकडं जायची आणि बोटं मनगटावरचा डाग चोळत राहायची. कुणालाच काही झालं नाही. कुणी आजारी पडलं नाही, कुणी मेलं नाही. देवाची कृपाच म्हणायची. पण त्यामुळंच दाजींचं खरं होतं की खोटं, हे कधी कुणाला कळलंच नाही. ते वेडे ठरले आणि वेडेच गेले. मला त्यांच्याविषयी सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते याचं.

गेल्या आठवड्यात गावी गेले. अक्का सध्या आईकडेच असते. ओट्यावर रांजण होता आणि टिपाड अंगणात मोकळं पडलेलं. आईनं चुलीत पहार तापत घातली होती. मी धरायला गेले, तर मला बाजूला सारलं. तिनं पहार उचलली आणि टिपाडाच्या बुडात खुपसली. जळक्या प्लास्टिकचा वास घरभर पसरला. अक्कानं पदर तोंडाला लावला.

आईनं पहार खाली टाकली आणि ओट्याच्या कडेला, जिथं दाजी बसायचे, तिकडं वळून म्हणाली, "जावयबापू, बगा. पाडलं भोक. झालं का आता?"

इतक्या वर्षांत ती त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलली. मग आत गेली, रांजणातलं पाणी गडव्यात भरून आणलं, वर फुलपात्र झाकलं आणि त्यांच्या जागेवर ठेवून दिलं. गडवा संध्याकाळपर्यंत तिथंच होता. आम्ही कुणीच तो उचलला नाही.