वाद्याला पाय

पियानो शिकवून पोट भरतं की नाही ते सोडा, किस्से मात्र पोतंभर जमतात. आणि माझ्या पूर्णेतल्या क्लासचे निम्मे किस्से बोटांचे नाहीत, पायांचे आहेत!

डिजिटल पियानोला वायरने जोडलेलं एक सुटं पेडल असतं. पायाने दाबलं की बोट उचललं तरी सूर रेंगाळतो, सोडलं की तुटतो. एवढंच! पण एवढंच शिकवताना माझे केस पिकले.

*

कांबळे काका रेल्वेचं इंजिन चालवून रिटायर झालेले. गाणं कुठलंही असो, पेडल बरोबर मिनिटा-मिनिटाला दाबणार!

"काका, सूर ऐकून दाबा ना."

"मॅडम, इंजिनात दर मिनिटाला पेडल दाबायची सवय लागली. न्हाई दाबलं तर गाडी आपोआप ब्रेक मारती!"

*

शबाना आपा शिलाईवाल्या. त्यांचा पाय मशीनवर चालतो तसाच पेडलवर, थांबायचं नाव नाही! शेवटी पेडल कुरकुरायला लागलं. आपांनी शांतपणे पर्समधून तेलाची कुपी काढून दोन थेंब सोडले.

"गाना जमंना मॅडम, पर मशीन तर जमती!"

*

पण खऱ्या हट्टी राणीसावरगावच्या शिवलीला मावशी. श्रावणी सोमवारच्या भजनात तीस वर्षं पेटी त्यांचीच. डावा खांदा दुखावला, भाता ओढवेना. भजनी मंडळाचे अप्पा म्हणाले, "मावशी, आता तुमी नुसतं म्हना."

ते त्यांना झोंबलं. पियानोला भाता नसतो हे कळताच दोन एसट्या बदलून माझ्या दारात! "यंदा श्रावणात मीच वाजवनार. शिकवा!"

मी म्हटलं, "पेडलवर पाय ठेवा."

"वाद्याला पाय? आमी न्हाई लावत!"

महिनाभर समजावलं. मग एकदाचा पाय लावला, आणि लगेच वाकून पेडलला नमस्कार! दर वेळी पाय, दर वेळी नमस्कार. भजन राहिलं बाजूला.

"मावशी, या श्रावणात नाही जमायचं," मी हात टेकले.

"तुमी हरल्या मॅडम. मी न्हाई." मावशींनी पेडल पिशवीत टाकलं आणि एसटी गाठली.

*

श्रावणी सोमवारी मावशींच्या निरोपावरून पियानो घेऊन मी राणीसावरगावला गेले. मावशी देवळात मांडी घालून बसल्या. पियानो समोर चौरंगावर. पिशवीतून पेडल निघालं, धुतल्यासारखं पुसलेलं, वर विभूतीची तीन बोटं! मी वायर जोडताच ते त्यांनी डाव्या बाजूला पाटावर ठेवलं, खांदा हलू नये म्हणून कोपर गुडघ्यावर टेकवलं आणि पेडलवर तळहात ठेवला.

भजन संपेपर्यंत एक सूर तुटला नाही. रडले मी, लपवू कशाला?

अप्पा मात्र मावशींच्या खालीवर होणाऱ्या डाव्या हाताकडेच बघत होते. न राहवून पुढे वाकले, "मावशी, खांदा बरा झाला व्हय?"

मावशींनी हात न उचलता पुढचं भजन धरलं.

"अप्पा, तुमी नुसतं म्हना!"