रफिक जीप थांबवायचा

२०२५ साल. मी बहात्तर वर्षांचा, रफिक माझ्याहून थोडा लहान. दुपारी जेवायला बसलो तर त्याच्या पुतण्याचा, साकिबचा फोन. "नाना, चाचा गेले." मी त्यालाच दटावलं, कालच तर माझ्याशी भांडत होता, असा कसा जाईल?

आम्ही दोघांनी पनवेल-नेरे रस्त्यावर जन्मभर सहा सीटर रिक्षा चालवल्या. शाळेशी दोघांचंही फारसं जमलं नाही, पण त्या रस्त्यावर आमचा हात धरणारा कुणी नव्हता, हे आजही छाती ठोकून सांगतो. रिक्षा सुटल्या तेव्हा साकिबनं आमच्या मोबाईलवर एक गेम लावून दिली. चौघांची टीम, मोठं बेट, बंदुका, गाड्या... शेवटपर्यंत जी टीम जिवंत राहील ती जिंकली. साकिब, खारघरच्या कॉलेजातला त्याचा मित्र ओंकार, रफिक आणि मी. मला लगेच जमली. खेळायचं तर जिंकायला, नाय तर सरळ झोपा काढाव्यात. पोरंही माझ्याच मताची, रँक चढवायच्या मागे लागलेली.

रफिक बंदुकीला हात लावत नसे. जीप घ्यायची आणि बेटावर फिरायचं, डोंगर बघायचे, पूल बघायचे... वाटेत कुणी पळताना दिसला की हॉर्न वाजवून थांबायचा. मग तो दुश्मन का असेना. मी ओरडायचो, अरे गोळी घालेल तो. हा म्हणायचा, "बिचारा उन्हात चाललाय. मागं जागा हाय ना." बहुतेक जण त्याला मारायचेच. एखादा मात्र खरंच गाडीत बसायचा, आणि मग हा दिवसभर खूश.

तो गेला त्याच्या आदल्या दिवशी स्पर्धेचा सामना होता. आम्ही चौघं आणि समोरच्या टीमचा एकटा उरलेला, म्हणजे जिंकल्यातच जमा. रफिकनं त्याच्याजवळ जीप नेऊन थांबवली. तो बसला, आमच्यापर्यंत आला आणि चौघांनाही आडवं केलं. ओंकार चिडला. "चाचा, तुम्ही खेळायला येता की फिरायला?" रफिक शांतपणे म्हणाला, "फिरायला." ओंकारच्या कॉलेजात चांगला खेळणारा एक मुलगा होता, रफिकच्या जागी त्याला घ्यायचं पोरांच्या मनात होतं. मी रफिकला तोंडावर सांगितलं, बंदूक धर नाय तर टीम सोड. तो हसला. "मी सोडली तर तू भांडशील कुणाशी?" माझं म्हणणं बरोबरच होतं. आजही बरोबरच आहे.

संध्याकाळी कब्रस्तानात एक अनोळखी तरुण कोपऱ्यात उभा. स्पर्धेच्या ग्रुपवर बातमी वाचून उरणहून आला होता. मला म्हणाला, "आजोबा, काल त्यांनी मला गाडीत घेतलं. मीच मारलं त्यांना." आणि रडायला लागला. आता हा तर जिंकलेला होता. मग आला कशाला? रफिकचं तोंडही त्यानं कधी पाहिलेलं नव्हतं. महिना झाला, मला अजून उलगडा होत नाही... फिरायलाच जायचं होतं तर रफिक लढाईच्या गेममध्ये आला कशाला, तेही नाही.

बाहेर पडताना ओंकार हळूच म्हणाला, रविवारी पुढचा सामना आहे, कॉलेजातला तो मुलगा तयार आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी साकिबच्या घरी गेलो, ओंकारलाही बोलावून घेतलं. सांगितलं, चौथा कुणी येणार नाय, तिघंच खेळू. ओंकार म्हणाला, "नाना, तिघंच खेळलो तर हरू आपण."

"हरायचं नाय," मी म्हटलं, आणि मोबाईल काढून सरावाला बसलो.