कामाचा रकाना

मॅनेजर माझ्याकडं न बघता आईला म्हणाला, "मावशी, हिनं काही करायचं न्हाई. सही करायची अन् खुर्चीवर बसायचं. अजून काय पाहिजे तुम्हाला?"

आईनं हात जोडले. "उपकार झाले साहेब."

जालन्यातलं बियाण्याचं गोदाम. मी नुकतीच बारावी झालेली. जन्मापासून माझं उजवं अंग ताठ, हात थरथरतो, जीभ जड. माझं बोलणं एकट्या आईला बराबर कळायचं. आमच्या गावात, टेंभुर्णीला, तिनं मला चौथीपर्यंत कडेवर शाळेत नेलं. मला वर्गात बसवायची, मंग दुसऱ्याच्या रानात निंदायला पळायची, उशीर झाला म्हणून बोलणी खायची. तिची कंबर आजही एका अंगाला झुकलेली आहे. मला नोकरी लागली म्हणून बापाला गावात ठेवून ती माझ्यासोबत जालन्यातच मस्तगडला एका खोलीत राहायला आली.

नोकरी शाळेच्या बाईंनी एका योजनेतून मिळवलेली. शाळा संपली की आमच्यासारख्यांना कामाला लावायचं, सुरुवातीला योजनेच्या मॅडमनी आमच्या शेजारी उभं राहून काम शिकवायचं, असं ठरलेलं. मॅडम दोन दिवस आल्या. खुर्चीवर बसलेली असताना माझा फोटो काढला. पुन्हा दिसल्या नाहीत.

मी बसले. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. समोर बाया मक्याचं बी मोजायच्या, ओल्या कागदात गुंडाळायच्या, किती उगवलं ते बघायच्या. मी त्यांना बघायची.

"राणीसाहेब आल्या, खुर्ची पुसा गं."

एखादी म्हणायची, बाकीच्या बाया हसायच्या. मीही हसायची. दुसरं काय करणार.

पाहुणे आले की मॅनेजर मला उभं करायचा. "ही आमची दिव्यांग." चार पावलं चालून दाखवायला लावायचा. मी चालायची.

एकदा त्या बायांतल्या रुक्मिनमावशीनं बी मोजायची पाटी माझ्या हातात दिली. शंभर भोकांची. वर बी ओतायचं, पाटी हलवायची, भोकाभोकात एकेक दाणा बसतो. माझ्या हातात ती आपोआपच हलायला लागली. मावशी म्हणाली, "हिला तर शिकवायचंच काम न्हाई." शंभर दाणे बसले.

मॅनेजरनं पाटी काढून घेतली. "पडली-बिडली तर माझ्यावर येईल. बस तू."

तोपर्यंत तो बोट ठेवायचा तिथं मी सही करायची. दुसऱ्या दिवशी हजेरीपट पहिल्यांदा नीट वाचला. नाव, काम, सही. रुक्मिनमावशीच्या नावासमोर बीमोजणी. झाडणाऱ्या बाईसमोर झाडलोट. माझ्या नावासमोर, कामाच्या रकान्यात, दिव्यांग.

मी म्हणाले, "हे माझं काम नाही."

मला सोडायला आलेली आई शेजारीच होती. मॅनेजरनं तिला विचारलं, "काय म्हणती ही?"

आईनं माझ्याकडं बघितलं. तिला कळलं होतं. शब्द न् शब्द कळला होता.

"सही करते म्हणती, साहेब."

इतकी वर्षं मी तिच्या तोंडानं बोलत आल्ते. त्या दिवशी ते तोंडही माझं राहिलं नाही.

मी पेन घेतलं अन् तो शब्द खोडला. हात आवरला नाही. रेघ पानाबाहेर टेबलावर गेली.

"उद्यापासून आणू नका हिला." हेही तो आईलाच म्हणाला.

 खोलीत आल्यावर आई म्हणाली, "माझी कंबर गेली गं तुझ्यापायी. बसायला खुर्ची भेटल्ती, तीबी घालवली."  

मंग घरात बसले. पुन्हा बसणंच. अर्ज लिहिले. योजनेच्या कार्यालयाकडून काही आलं नाही. एक शाळेच्या बाईंना धाडला होता, तो त्यांनी मात्र वाचला. मला घेऊन त्या गोदामात गेल्या, योजनेत काम शिकवायचं ठरलंय हे मॅनेजरला सुनावलं, स्वतःची रजा टाकून पाटीजवळ माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. मॅनेजरला ते आवडलं नाही. अजूनही आवडत नाही.

मी तिथंच काम करत बाहेरून बी.ए. झाले. आमच्या घराण्यातली पहिली पदवी. हजेरीपटावर माझ्या नावासमोर आता बीमोजणी लिहिलेलं असतं.

शाळा संपवून माझ्यासारखी कोणी कामाला लागली की पहिल्या दिवशी मी सोबत जाते. सहीच्या आधी रकाना वाचायला लावते. तिथं काम लिहिलेलं नसेल तर पेन उचलू देत नाही. आणि तिच्या आईला गेटाबाहेर थांबवते.