सुपडूभाऊचा गमछा

आमच्या पाण्यावर कोणी अंगातला सदरा काढून वल्ह्याला बांधला, की समजायचं गडी गाळात अडकला. थोड्या वेळाने तिथेच लाल गमछा दिसला, की समजायचं सुपडूभाऊ पोचला, आता घरी जाऊन जेवलं तरी चालेल. गाव आमचं वरणगावच्या पुढे, धरणाच्या फुगवट्याला लागून. समुद्र आम्ही कधी पाहिला नाही, पण भरती-ओहोटी आम्हालाही आहे. वर पूर्णेला पाणी आलं की भोंगा वाजतो, धरणाचे दरवाजे उघडतात, आणि फुगवटा बघता बघता उतरतो. सकाळी जिथे पाणी होतं तिथे दुपारी गाळ उघडा पडतो. मग वरचा पूर येऊन पोचतो आणि त्या गाळावरून लाल पाणी धावत जातं. मधल्या वेळात ज्याची होडी गाळावर बसली, त्याचं काही खरं नाही.

या गाळावर उभं राहता येत नाही. झिपरू उभा राहिला होता. सुपडूभाऊचा जोडीदार, दोघांची जाळी एकाच दोरावर वाळायची. त्याची होडी बसली, आणि घाबरून तो चालत यायला निघाला. अर्धा गाव काठावर होता, आणि प्रत्येकाला वाटत होतं की कोणीतरी जाईल. एकमेकांच्या तोंडाकडे बघण्यात झिपरू गेला. सुपडूभाऊ तेव्हा बाजाराला गेला होता. परत आल्यावर तो कोणाला बोलला नाही, आणि त्याचं न बोलणंच आम्हाला झोंबलं. मग त्यानेच नियम घालून दिला. अडकलेल्याने होडी सोडायची नाही, सदरा बांधून बसून राहायचं. दोन फळ्या आणि दोर घेऊन मी येईन, तो म्हणाला. पोचलो की गमछा वर करीन, म्हणजे एकाला काढायला दुसरा जाऊन रुतणार नाही.

सोय उत्तम झाली. इतकी उत्तम की बाकी कोणाला काही करायचं उरलंच नाही.

साठीकडे झुकलेला हा माणूस अंगाने काटक आणि जिभेने तिखट. फळ्या आलटून पालटून गाळावर टाकत तो अडकलेल्यापर्यंत सरकत जायचा आणि हात देण्याआधी टोमणा द्यायचा, "काय शेठ, लई गरमी व्हत व्हती का? सदरा काढला ते?" सदरा काढणं म्हणजे त्याच्या लेखी अब्रू काढणं. त्याचा स्वतःचा सदरा आजवर कधी वल्ह्याला लागला नव्हता, आणि हे तो आठवड्यातून एकदा तरी ऐकवायचा. वरणगावच्या फॅक्टरीत नोकरीला असलेला हितेंद्र त्याच्या टोमण्यांचं हक्काचं गिऱ्हाईक. त्याने कुठूनशी पिवळी प्लास्टिकची कयाक मागवली होती, आणि सुट्टीच्या दिवशी तो तीत एकटा बसून गळ टाकायचा. सुपडूभाऊ तिला 'केळं' म्हणायचा. केळं दोनदा जलपर्णीत गुंतलं आणि दोन्ही वेळा सुपडूभाऊनेच ते सोडवलं.

पण खरा अडकला होता तो सुपडूभाऊच, या गावात. फैजपूर काय लांब आहे? तिथे त्याची मुलगी मृणाली दिली आहे. तिच्या बाळाच्या नामकरणाला तो सकाळी गेला आणि वरण-भात घशाखाली उतरतो न उतरतो तोच संध्याकाळच्या गाडीने परत आला. कोणी अडकलं तर? पावसाळ्यात दरवाजे उघडतात म्हणून जायचं नाही, आणि उन्हाळ्यात पाणी आटून गाळ वर येतो म्हणून जायचं नाही. मृणाली फोनवर रडायची. त्याची बायको द्रौपदाबाई म्हणायची, नवरा माझा, पण सातबारा गावाच्या नावावर. आम्ही हसायचो. तिला हसू येत नव्हतं हे आमच्या ध्यानात यायला त्या श्रावणातला रविवार उजाडावा लागला.

त्या दिवशी भोंगा वाजला तेव्हा सुपडूभाऊ आपलं जाळं काढून परत निघालाच होता. वाटेत त्याला गावातल्या रतिलालचं जाळं तसंच पडलेलं दिसलं. पुरात जाईल बिचाऱ्याचं, म्हणून तो ते सोडवायला वळला. जाळ्याला जलपर्णीचा गुंता होता. तो सुटेपर्यंत खालचं पाणी सरकलं आणि पत्र्याची होडी गाळावर टेकली. फळ्या घरी, दोर घरी. फोनही घरी, कारण आधीचे दोन फोन पाण्यात गेल्यापासून तो फोन डब्यात ठेवूनच निघायचा.

पुढचं त्याने मागाहून सांगितलं. आधी त्याने गमछाच वर केला. सदरा काढायला हात धजेना, आणि वाटलं, मी हललो नाही की लोकांना कळेलच. काठावर आम्ही होतोच. गमछा बघून आम्ही म्हटलं, चला, भाऊ पोचला कोणापर्यंत तरी. रतिलालने तर दोन्ही हात उंच करून हलवले. सुपडूभाऊनेही हात हलवले, आणि आम्ही पुन्हा हलवले. तो ओरडत होता, पण एवढ्या लांबून आवाज येत नाही.

मग त्याने सदरा काढला. कोणी बघत नसताना चोरी करावी तसा खाली वाकून काढला, म्हणाला. तोही त्याने गमछ्याशेजारी बांधला. आता काठावरून काय दिसलं? सदरा आणि गमछा, दोन्ही. अडकलेलाही आहे, सोडवणाराही आहे. आम्ही निवांत झालो. काहीजण खरंच जेवायला गेले.

होडीत बसून तो आम्हाला जाताना बघत होता. वरून ढग आले होते, पूर आज यायचाच होता. हातात दुसरं वल्हं होतं, पण गाळात घातलं की ते हातासकट कोपरापर्यंत आत जायचं. झिपरू का उतरला असेल ते मले तवा समजलं, असं तो सांगतो. एक पाय त्याने होडीच्या काठावर ठेवलासुद्धा होता. मग तो पाय आत घेतला आणि गमछा सोडून पायाखाली टाकला. वर नुसता सदरा राहिला.

नुसता सदरा बघितल्यावर मात्र काठावर धावपळ झाली. कसली म्हणाल, तर सुपडूभाऊला बोलवायची. लिहायला लाज वाटते, पण झालं ते असंच. रतिलालने त्याला फोन लावला. फोन डब्यात वाजला, द्रौपदाबाईने उचलला. भाऊला सांगा, कोणीतरी अडकलंय, सदरा वर आहे, म्हणून रतिलाल बोलला. ती म्हणाली, ते तर सकाळचेच पाण्यावर गेलेत. आणि तशीच पदर खोचून काठावर आली.

तिने एकदाच बघितलं. सदरा जांभळा होता. मृणालीच्या लग्नात त्याला शिवलेला, धुऊन धुऊन विटलेला, पण गावात तसा दुसरा नाही. रोज तो सदरा आमच्या डोळ्यांसमोर असायचा. आम्ही फक्त गमछा ओळखत होतो.

"कोनाले बलावता?" ती म्हणाली. "थो त्याचाच सदरा हाये. आता कोन जाईन?"

पुन्हा तेच झालं. आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागलो. होड्या होत्या, पण त्या जड, गेल्या असत्या तर त्याही बसल्या असत्या. फळ्यांवरून सरकणं एकट्या सुपडूभाऊला यायचं, शिकायची गरज कोणाला पडली होती? तेवढ्यात हितेंद्रने केळं ओढत आणलं. जाळ्यांचे सगळे दोर एकाला एक बांधून त्याने ते कयाकच्या शेपटाला अडकवले, आणि दुसरं टोक रतिलालच्या हातात दिलं. पाणी होतं तोवर त्याने वल्हं मारलं. पुढे तो कयाकवर पालथा पडला आणि दोन्ही हातांनी गाळ मागे लोटत सरकू लागला. हलकं, सपाट प्लास्टिक ते, गाळावरून घसरत गेलं. मधेच तो थांबला तेव्हा द्रौपदाबाईने डोळे मिटून घेतले होते.

तो पोचला. सुपडूभाऊ काही टोमणा मारील असं त्याला वाटलं होतं. पण भाऊ मुकाट्याने त्याच्यामागे कयाकवर आडवा झाला. मग काय आठवलं कोण जाणे, वळून त्याने होडीतला गमछा उचलला आणि हितेंद्रच्या वल्ह्याला बांधला.

लाल गमछा वर झाला, आणि पहिल्यांदाच काठावरून कोणी घरी गेलं नाही. बायका-माणसं सगळी दोराला लागली. गाळाने माखलेले दोघं काठाला आले. मागे पत्र्याची होडी तशीच राहिली, आणि संध्याकाळच्या आत पूर तिला घेऊन गेला.

द्रौपदाबाईने त्याचं डोकं पुसलं. रतिलाल पाया पडायला वाकला, तर सुपडूभाऊने पाय मागे घेतले.

"गाळात अडकलो त्याचं काही नही रे," तो म्हणाला. "तुम्ही तठून हात हालवत व्हते ना, तवा मी मेलो."

दुसऱ्या दिवशी सकाळी रतिलाल स्वतःची होडी द्यायला त्याच्या दारात गेला. दारात द्रौपदाबाई उभी होती, हातात पिशवी भरलेली. म्हणाली, होडी मग पाहू, आम्ही फैजपूरला चाललो, मुक्कामाला. सुपडूभाऊ मागे उभा होता, शाळेत पहिल्यांदा सोडायला नेतात त्या पोरासारखा. गमछा त्याने माझ्या ओट्यावरच्या खिळ्याला टांगला आणि गेला. फळ्या आणि दोर हितेंद्र घेऊन गेला होता.

मी शेजारी, म्हणून रोज संध्याकाळी त्याचा मला फोन यायचा. नातवाचं रडणं ऐकू यायचं, मागे मृणालीचं हसणं. भाऊ दुसरं काही विचारायचाच नाही. कोनाचा सदरा वर झाला का, एवढंच.

तिसऱ्या दिवशी दोन सदरे वर झाले होते. पहिल्याला हितेंद्र गेला. दुसऱ्याला आम्ही गेलो, फळ्यांवरून, पडत-झडत, आणि मीच कमरेपर्यंत रुतलो. फोन आला तेव्हा माझ्या अंगावरचा गाळ वाळायचा होता.

"नाही भाऊ," मी म्हणालो. "सगळे घरी आहेत. तू राहा."